लवणासुराच्या बहिणी आणि हलणारी चित्रं

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात वाढणाऱ्या मुलाला लवणासुराची गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही, ती कानावर पडतेच. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून राहायचा. वर येऊन लोकांना छळायचा आणि पुन्हा आत शिरून झाकण ओढून घ्यायचा. देवांनाही त्याचा ठावठिकाणा लागेना. मग विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींची मनं जिंकली आणि त्यांच्याच तोंडून ते गुपित काढून घेतलं. पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं, आत निजलेल्या लवणासुराला गाठलं आणि झुंजीत ठार केलं. त्याची गुहा म्हणजे लोणारचं विवर, आणि त्याच्या रक्तामांसाने तिथलं पाणी खारं झालं. दैत्य मारणारा तो विष्णू लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात आजही पुजला जातो. भूशास्त्र सांगतं की हा खळगा अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने बेसाल्टच्या खडकात पडला आणि त्याचा व्यास जवळजवळ १.८ किलोमीटर आहे. दोन्ही गोष्टी इथली मुलं एकाच दमात सांगतात.

आता समजा, घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा अ‍ॅनिमेशनपट यावर काढायचा आहे. डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येईल? उडणारं झाकण, हिरवं पाणी, डोंगराएवढा दैत्य, झुंजीतला धुरळा. आजचा संगणक हे सगळं करून देतो. तरीही पंधरा-वीस मिनिटांत मुलं चुळबुळायला लागतील, कारण देव जिंकणार हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. या कथेतला खरा सिनेमा बहिणींपाशी आहे. भाऊ क्रूर आहे, पण भाऊ आहे. त्या अंधारात त्यांनी दिवस कसे काढले? गुपित सांगताना पुढे काय होणार हे त्यांना कळलं होतं का? झाकण उडालं तेव्हा त्या कुठे उभ्या होत्या? दंतकथा यांतलं काहीच सांगत नाही. पटकथाकाराचं काम इथूनच सुरू होतं.

कुठल्याही सिनेमाला गोष्ट लागते, मग अ‍ॅनिमेशनच्या बाबतीत तिच्यावर एवढा भर कशासाठी? याचं उत्तर हा सिनेमा घडतो कसा, त्यात आहे. माणसांना घेऊन चित्रीकरण करताना कितीतरी गोष्टी आपोआप मिळतात. संहितेत एक साधं वाक्य असतं, आणि निळू फुले नुसते मान तिरकी करून बघतात तेव्हा त्या वाक्यात नसलेला सगळा गाव उभा राहतो. अचानक ढग येतात, पोरगं खरंच अडखळतं, आणि दिग्दर्शक ते ठेवून देतो. अ‍ॅनिमेशनमध्ये आपोआप काही होत नाही. झाडाचं पान हललं तर ते कुणीतरी हलवलेलं असतं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० चौकटी. एक चित्र दोन चौकटींना पुरवायची पद्धत आहे, ती धरली तरी साठ हजारांच्या वर चित्रं होतात. एवढ्या कष्टाने उभं राहणारं दृश्य आधी कागदावर पक्कं व्हावं लागतं. गोष्टीत जे नाही, ते पडद्यावर योगायोगाने येण्याची सोय इथे नाही.

दुसरं कारण आपल्या मनात आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एक छोटी फिल्म तयार केली होती. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारं दार असलेला एक चौकोन, एवढंच. ना डोळे, ना तोंड, ना आवाज. तरी पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी गोष्टच सांगितली: मोठा दांडगट आहे, छोटा धीट आहे, वर्तुळ घाबरून घरात लपलंय. कुणीतरी काहीतरी मिळवायला धडपडतंय आणि कुणीतरी आड येतंय, एवढं दिसलं की आपण भूमितीच्या आकृतीलाही जीव देऊन टाकतो. उलट हातापायांची ठेवण कितीही हुबेहूब असली, पण त्या पात्राला हवंय काय हे कळेना, तर ते बाहुलंच राहतं.

वस्तूंना असा जीव देणं आपल्याकडे फार आधी कुणीतरी हाताळून पाहिलं होतं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेऱ्याने टप्प्याटप्प्याने टिपत त्याचा वेल पडद्यावर मिनिटभरात वाढवून दाखवला. पैसे गुंतवणाऱ्याचा विश्वास बसला तो त्या वेलामुळे. पुढे १९१५च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी थोडी सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. प्रभात फिल्म कंपनीनेही १९३०च्या दशकात ‘जंबूकाका’ नावाचं कोल्ह्याचं कार्टून काढलं. म्हणजे साधनं हाताशी आली, त्याच काळात मराठी माणसाने चित्रं हलवायला घेतली होती.

गोष्ट बिघडली की काय होतं, याचा सगळ्यात बोलका दाखला अमेरिकेतला आहे. पिक्सार कंपनी ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट करत होती. नोव्हेंबर १९९३मध्ये त्यांनी कच्च्या रेखाटनांची जुळणी करून डिस्नीच्या अधिकाऱ्यांना दाखवली. ती इतकी पडली की काम थांबवण्यात आलं. तंत्रात खोट नव्हती. वूडी हा कापडी काउबॉय, चित्रपटाचा नायक, चक्क वाईट माणूस झाला होता. तो इतर खेळण्यांवर गुरकावायचा, त्यांचा पाणउतारा करायचा, आणि नव्याने आलेल्या बझ या खेळण्याला त्याने जाणूनबुजून खिडकीबाहेर ढकलून दिलं होतं. अशा नायकाचं काय व्हायचं ते होवो, असं पाहणाऱ्याला वाटायला लागलं.

मंडळींनी पटकथा नव्याने लिहायला घेतली. काय बदललं ते जवळून पाहण्यासारखं आहे. बझ खिडकीबाहेर पडतो, हा प्रसंग तसाच राहिला, कारण तो नसेल तर पुढची गोष्टच नाही. बदलला तो हेतू. आता वूडीला एवढंच हवं असतं की बझ टेबलामागच्या फटीत पडावा, म्हणजे आज एका संध्याकाळपुरतं खेळण्यांचा मालक, छोटा अँडी, आपल्याला सोबत नेईल. तो रिमोटची गाडी सोडतो, एकाचा धक्का दुसऱ्याला लागत जातो, आणि बझ थेट बाहेर जातो. वूडीचा चेहरा पांढराफटक पडतो. कृती तीच, परिणाम तोच, पण मत्सर आता आपल्या ओळखीचा आहे. धाकटं भावंड घरात आल्यावर थोरल्याच्या पोटात जे ढवळतं, ते हेच. मुलाला ते स्वतःचं वाटतं, आणि शेजारी बसलेल्या बापाला आपलं लहानपण आठवतं. २२ नोव्हेंबर १९९५ला चित्रपट लागला. त्यातली माणसांची कातडी आज पाहिली तर प्लॅस्टिकसारखी वाटते. तंत्र तीस वर्षांत जुनं झालं, गोष्ट झाली नाही.

ही कच्ची जुळणी म्हणजे काय, तेही सांगायला हवं. अ‍ॅनिमेशनपटाची कथा आधी छोट्या छोट्या चित्रांत मांडतात आणि ती चित्रं क्रमाने भिंतीवर टाचतात. याला स्टोरीबोर्ड म्हणतात. ही पद्धत १९३०च्या दशकात डिस्नीच्या स्टुडिओत रुळली. मग त्याच चित्रांना तात्पुरते आवाज आणि संगीत जोडून अख्खा चित्रपट खडबडीत रूपात पाहतात. चांगले स्टुडिओ असं एकदाच नाही, पुन:पुन्हा करतात. जिथे पाहणारे ढिले पडतात, तिथली चित्रं भिंतीवरून उतरतात. आपल्याकडे रात्री गोष्ट सांगणारी आजी ऐकणाऱ्याकडून ‘हुं’ मागायची. हुं थांबला की तिला कळायचं, पोरगं झोपलं तरी किंवा गोष्ट तरी निसटली. त्या हुंकाराची तपासणी हे लोक लाखो डॉलर खर्च होण्याआधी करून घेतात.

डिस्नीच्या ‘फ्रोझन’चंही (२०१३) असंच झालं. बर्फाची राणी एल्सा आधी खलनायिका होती. तिच्यासाठी लिहिलेलं गाणं ऐकल्यावर लक्षात आलं की ही बाई दुष्ट नाही, घाबरलेली आहे. पटकथा त्या गाण्याभोवती पुन्हा बांधली गेली आणि ती दोन बहिणींची गोष्ट झाली.

खलनायक लागतोच असं मात्र नाही. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’मध्ये (१९८८) कुणी वाईट नाही. सात्सुकी आणि मेई या दोघी बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. आई दवाखान्यात आहे. झाडांमध्ये एक प्रचंड, केसाळ, मुका प्राणी भेटतो. मुलं त्या प्राण्यासाठी चित्रपट पुन्हा पाहतात. पण सगळं धरून ठेवणारा प्रसंग शेवटाकडे आहे. आईचं घरी येणं लांबतं. ताज्या मक्याने आजाऱ्याला बरं वाटतं असं चिमुकल्या मेईने ऐकलेलं असतं, म्हणून ती एक कणीस छातीशी धरते आणि एकटीच दवाखान्याची वाट धरते. ती हरवते, अख्खं गाव शोधायला निघतं. दोन तासांच्या युद्धातही नसेल एवढी धाकधूक त्या कणसात आहे. कारण तिला काय हवंय ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तिच्याजवळ त्यासाठी एका कणसापलीकडे काही नाही. मक्याच्या शेताशेजारी वाढलेल्या आपल्या मुलांना हा प्रसंग कोणी समजावून सांगायला लागणार नाही.

कुटुंबाने मिळून पाहायचा चित्रपट म्हणजे मुलांसाठी सोपा केलेला चित्रपट, ही समजूत मोडायला हवी. ओसरीवर नाहीतर देवळाच्या मंडपात रंगणारं कीर्तन आठवा. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. सहा वर्षांचं पोर आख्यानातल्या राक्षसासाठी जागं राहतं, आजीला त्यातला वियोग लागतो, कर्त्या माणसाला निरूपणातलं एखादं वाक्य टोचतं. बुवा कोणासाठीही आवाज बारीक करत नाहीत. एकाच कथेत प्रत्येकाला आपापला वाटा मिळतो. पिक्सारच्या ‘अप’ची (२००९) सुरुवात अशीच आहे. कार्ल आणि एली यांचं लग्न, मूल न होणं, फुटत राहणारी गुल्लक, म्हातारपण आणि तिचं जाणं, हे सगळं काही मिनिटांत, एका शब्दावाचून. त्यानंतर घराला फुगे बांधून ते उडवणारा म्हातारा नुसता गमतीचा उरत नाही.

चित्रातून गोष्ट सांगण्याची परंपरा आपल्या मातीत फार खोल आहे, आणि तिची दोन टोकं मला इथे दाखवायची आहेत. एक टोक बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या अजिंठ्याच्या डोंगरात आहे. तिथल्या १० आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत षड्दंत जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीची एक कथा, रंगवलेलं आहे. सहा सुळ्यांच्या गजराजाची एक हत्तीण त्याच्यावर रुसून मरते, पुढच्या जन्मी राणी होते आणि सूड म्हणून त्याचे सुळे आणायला पारध्याला धाडते. पारध्याचा हात चालेना तेव्हा गजराज स्वतःच सुळे कापून घ्यायला मदत करतो. सुळे महालात येतात, आणि ते पाहताच राणी कोसळते. चित्रकाराने भिंतीवर ती कोसळणारी राणी काढली. त्याला शिकारीचा थरार रंगवून थांबता आलं असतं, हत्तींचा कळप तर त्याने अप्रतिमच रंगवलाय. पण हवं ते मिळाल्यावर माणसाचं काय होतं, हा क्षण त्याने सोडला नाही. पटकथेचा एवढा चांगला धडा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसरं टोक सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी कलाकार एकेक चित्र हातात धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगतात. चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. चित्र स्थिर, आवाज आणि वाद्य मात्र त्याला पुढे नेतात. कुठलं चित्र किती वेळ धरायचं आणि कधी उलटायचं, हे सांगणाऱ्याच्या हातात. ही आणि बाहुल्यांची कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पिंगुळीला जाऊन बसावं असं मला मनापासून वाटतं. चित्र न हलवता गोष्ट हलते कशी, ते तिथे दिसतं.

अजिंठ्याचा धागा मुंबईतही पोचला होता. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नीत काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या कलाकारांना शिकवायला आले, आणि त्या शिकवणीतून ‘द बनियन डिअर’ हा लघुपट झाला. तीही जातककथा. राजाच्या पाकखान्यासाठी रोज एका हरणाने पाळीने मरायचं ठरलेलं असतं. पाळी एका गाभण हरणीवर येते. तिच्या कळपाचा नायक नियमावर बोट ठेवतो, तेव्हा दुसऱ्या कळपाचा नायक असलेला हरीण तिच्या जागी आपली मान ठेवतो. राजा हेलावून दोघांना अभय देतो. तरी हरीण उठत नाही. बाकीच्या हरणांचं काय, म्हणतो. मग इतर जनावरांचं, पाखरांचं, माशांचं. मागणं वाढत जातं तसा तो प्राणी आपल्या डोळ्यांदेखत मोठा होतो.

याच संस्थेने १९७४ साली ‘एक अनेक और एकता’ काढला. दिग्दर्शिका विजया मुळे, अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या आई. अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. सात-आठ मिनिटांचा बोधपट, सर्वोत्तम शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, आणि दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या पिढीला आजही तोंडपाठ. रेषा साध्या, हालचाली मोजक्या. एकीचं बळ हा विषय असलेले किती तक्ते, किती भाषणं त्या मुलांनी विसरून टाकली असतील. हे राहिलं, कारण धडा द्यायला कुणी गुरुजी उभे नाहीत. लहान भावाला एक शब्द अडतो, तो ताईला विचारतो, आणि उत्तरादाखल पाखरं जाळ्यात सापडतात. आता सुटणार कशी, हा प्रश्न मुलाचा झाला की त्यातून निघणारा अर्थही त्याचाच होतो.

आणि आपलं कुठे अडतं तेही सरळ सांगतो. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ २००५ साली आला आणि चित्रपटगृहांत चालला. त्या कथेत मुळातच गोष्ट ठासून भरलेली आहे. सूर्य फळ वाटून झेपावणारं खोडकर पोर, शापाने विसरलेली शक्ती, आणि कुणीतरी आठवण करून देण्याची वाट पाहणारा समुद्रकिनारा. यश दिसताच बालरूपातल्या देवांच्या चित्रपटांची रांग लागली, आणि बहुतेकांनी देवाचं नाव हीच गोष्ट मानली. भक्ती प्रेक्षक घरून घेऊन येतो, म्हणून पडद्यावर काही रचायची गरज नाही, असा हिशेब दिसतो. संकट आलं की चमत्कार होतो. नायकाला काही गमवावं लागत नाही, कधी चुकावं लागत नाही, दोन चांगल्यांतून एक निवडावं लागत नाही. आपल्या शूर पुरुषांच्या चरित्रांचंही असंच होतं. आदर म्हणून आपण त्यांच्यातली घालमेल पुसून टाकतो आणि मुलांच्या हाती पुतळा देतो.

श्रद्धा आणि गोष्ट एकत्र नांदू शकतात, याचा पुरावा युगो साको आणि राम मोहन यांनी केलेलं ‘रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स राम’ आहे. जपानी आणि भारतीय कलाकारांनी हातांनी काढलेला तो चित्रपट १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला, भारतात टीव्हीवरून घराघरांत गेला आणि २४ जानेवारी २०२५ला चित्रपटगृहांत पुन्हा लागला. लहानपणी तो पाहिलेले लोक स्वतःच्या मुलांना घेऊन गेले.

पैसा कमी म्हणून गोष्ट कमी, हेही खरं नाही. २००१ सालच्या ‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’मध्ये नायिकेच्या केसांच्या बटा संगणकावर जिवंत करण्यासाठी अफाट खर्च झाला. चित्रपट आपटला आणि तो बनवणारा स्टुडिओ बंद पडला. याउलट लात्वियाच्या गिंट्स झिल्बालोदिस यांनी २०२४ साली ‘फ्लो’ केला. पुरात सापडलेलं एकटं मांजर इतर जनावरांबरोबर एका होडीत जागा वाटून घ्यायला शिकतं, एवढीच कथा आणि एकही संवाद नाही. तो ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर बनला, जे कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. मार्च २०२५मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. मांजराला उलगडून सांगायला शब्द लागले नाहीत, कारण पाणी चढतंय आणि त्याला दुसऱ्याच्या जवळ जायची भीती वाटते, हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं.

तेव्हा मराठीत असा चित्रपट काढू पाहणाऱ्याने सुरुवातीचा पैसा लेखकावर आणि स्टोरीबोर्ड काढणाऱ्यावर लावावा. हा टप्पा सगळ्यात स्वस्त असतो. चार-पाच माणसं, कागद, पेन्सिली आणि एक भिंत पुरते, आणि इथे फेकलेलं चित्र फार तर तासाभराचं नुकसान करतं. तेच चित्र रंगून, उजळून तयार झाल्यावर फेकायचं म्हटलं तर महिने जातात, म्हणून मग कुणी फेकत नाही. आणि कथा शोधायला दूर जायला नको. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीतर्फे गावोगावचं मौखिक साहित्य गोळा करून खंडामागून खंड छापले. त्यांत सासुरवाशिणी आहेत, बोलणारी जनावरं आहेत, शहाण्या धाकट्या मुली आहेत. ते खंड जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत मिळतात. एक घ्यावा, त्यातली एक कहाणी निवडावी, आणि तिच्यातल्या सगळ्यात कमी बोललेल्या माणसापासून पहिली चौकट काढायला घ्यावी.